घाटउतारावरील इंधनबचत आणि अपघाताचा खर्च

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यातील नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. ‘ब्रेक निकामी झाले’ असे वृत्त प्रथम आले. पुढे चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात निघाले. पहिल्या विधानाचा कर्ता ब्रेक, दुसऱ्याचा चालक. खर्चाचा विचार केला असता मात्र एवढ्यावर थांबता येत नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत महामार्ग उतरत जातो. ४० टनांचे वाहन १०० मीटर खाली उतरले, तर सुमारे ३९ मेगाज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. एक लिटर डिझेलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेहून ती किंचित अधिकच होय. गाडी खालच्या गिअरमध्ये असल्यास तिचा मोठा वाटा इंजिन रोखून धरते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यास सर्व भार ब्रेकवर पडतो व ते तापून त्यांची पकड क्षीण होते. इंजिनच बंद केले, तर हवेच्या ब्रेकना दाब पुरविणारा कंप्रेसरही थांबतो. शिवाय आधुनिक डिझेल इंजिनात गिअर घालून, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंधनपुरवठा आपोआप बंद होतो. अर्थात रोखून उतरावे लागणाऱ्या तीव्र उतारावर इंजिन बंद करून वाचते असे वाटणारे डिझेल वस्तुतः वाचतच नाही.

मग ही रीत टिकते कशी? खेपेसाठी ठराविक डिझेल वा ठोक रक्कम मिळते तेथे शिल्लक चालकाच्या पदरी पडते. ती रोज दिसते. अपघात क्वचित घडतो आणि त्याचा भार बहुतांशी इतरांवर जातो. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये तृतीयपक्ष विमा सक्तीचा आहे. परंतु मालवाहू वाहनाचा त्याचा हप्ता वाहनाच्या एकूण वजनानुसार ठरतो, मालकाच्या सुरक्षिततेच्या इतिहासानुसार नव्हे. सावध मालकास या हप्त्यात सूट नाही, बेफिकिरास दंड नाही. बुडालेल्या खेपा, न्यायालयाचे हेलपाटे, गमावलेले गिऱ्हाईक हा खर्च मालकाचाच. पण तो डिझेलच्या खतावणीत नोंदला जात नाही.

१३ नोव्हेंबर २०२५ रोजी याच परिसरात कंटेनरच्या अपघातात व आगीत किमान ८ जणांचा मृत्यू झाला. कोणत्याही अपघाताचे कारण तपासानेच ठरावे. तथापि जेथे बचत एकाची व जोखीम दुसऱ्याची, तेथे ‘ब्रेक निकामी झाले’ या वाक्याचा खरा कर्ता हिशेबाच्या वहीतही शोधला पाहिजे.