युद्धछायाचित्रण : वृत्तचित्र व कलाचित्र

युद्धातील घटना, सैनिक, युद्धग्रस्त नागरिक आणि युद्धोत्तर भूप्रदेश यांचे छायाचित्रांद्वारे केलेले चित्रण. त्यात वृत्तछायाचित्रण व कलात्मक छायाचित्रण असे दोन प्रवाह मानतात. वृत्तछायाचित्र स्थळ, दिनांक व व्यक्ती यांना बांधलेले असते. ते पुरावा म्हणून स्वीकारले जात असल्याने दृश्यात भर घालणे, काही वगळणे वा प्रसंग घडवून आणणे त्यात निषिद्ध असते. कलावंतावर हे बंधन नाही. कॅनडाच्या जेफ वॉल याने अफगाणिस्तानातील मृत सोव्हिएट सैनिकांचे ‘डेड ट्रूप्स टॉक’ (१९९२) हे चित्र नट उभे करून व संगणकावर तुकडे जोडून सिद्ध केले. रचना उघड असल्याने ती फसवणूक ठरत नाही.

प्रारंभी हा भेद स्पष्ट नव्हता. रॉजर फेंटनने क्रिमियातील एकाच दरीची दोन चित्रे घेतली (१८५५). एकात तोफगोळे रस्त्यावर पसरलेले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. फेलीचे बेआतोने लखनौच्या सिकंदरबागेचे चित्र १८५८ मध्ये, म्हणजे तेथील संहारानंतर काही महिन्यांनी घेतले. त्यातील हाडे चित्रासाठी मांडली असावीत, असे अभ्यासक मानतात.

भारतीय छायाचित्रकारांत किशोर पारेख (१९३०–८२) यांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. पुढे मुंबईत व्यवसाय केलेले पारेख १९७१ च्या बांगलादेश युद्धात कोणत्याही वृत्तपत्राने न पाठविता, स्वतःहून गेले. त्यांची ६७ चित्रे बांगलादेश : अ ब्रूटल बर्थ (१९७२) या ग्रंथात आली. चित्रे वार्ताहराची, पण त्यांची निवड व क्रम कलावंताचा. त्यांतील एका चित्रात एक सैनिक भेदरलेल्या माणसाच्या लुंगीत डोकावून पाहत आहे. ग्रंथातील चित्रओळीनुसार तो भारतीय सैनिक असून शस्त्रे शोधत आहे. चित्रओळ गळून पडल्यावर मात्र हेच चित्र पाकिस्तानी सैनिक धर्माची खातरजमा करीत असल्याचे म्हणून प्रसृत झाले. छायाचित्रात एक रेषाही बदललेली नव्हती.

कलात्मक छायाचित्रण पुष्कळदा युद्ध संपल्यावर, त्याच्या खुणांकडे वळते. सोफी रिस्तेलह्यूबेर यांनी आखाती युद्धानंतर कुवेतच्या वाळवंटातील खंदक व चाकोऱ्या टिपल्या (१९९२). कॅमेऱ्याच्या शोधापूर्वीच्या युद्धांबाबत तर खुणांवाचून दुसरे साधनच नाही. पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ असलेला तारापूरचा किल्ला चिमाजी आप्पाच्या सैन्याने जानेवारी १७३९ मध्ये, म्हणजे डागेअरच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा होण्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, पोर्तुगीजांकडून घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हा सरदार पडला. आज तटाचे छायाचित्र घेता येते; परंतु एखादे भगदाड सुरुंगाचे की पावसाळ्यांचे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मराठी व पोर्तुगीज कागदपत्रेच पाहावी लागतात.