लोखंडाच्या बाजारातून चुंबकाच्या घरी

उन्हाळी विज्ञान शिबिराचे वेळापत्रक घरी येते, तेव्हा त्यात एखाद्या तारखेपुढे केवळ ‘अचानक सहल’ एवढेच छापलेले असते. जेथे पै-पैची नोंद ठेवण्याची परंपरा आहे, त्या व्यापारी घराला हा मोकळा रकाना खटकतो. कोठे नेणार, काय खाऊ घालणार, केव्हा परत आणणार? शंका रास्त आहे. तरीही तो रकाना खोडून टाकू नये. उत्तर आधी कळले की प्रश्न पडत नाही, आणि प्रश्न न पडता पाहिलेले विज्ञान हे प्रदर्शन पाहण्यासारखेच होते.

कळंबोलीच्या मुलांना अशा सहलीसाठी आरंभी दूर नेण्याचेही कारण नाही. लोखंड-पोलादाचा घाऊक व्यापार मुंबईबाहेर हलवण्यासाठी सिडकोने वसवलेला येथील बाजार आहेच. अँगल, चॅनल, सळई, पत्रा हे शब्द येथील कित्येक मुलांच्या कानी बाराखडीच्या आधी पडलेले असतात. सुट्टीच्या दिवशी, क्रेन व ट्रक उभे असताना, या मुलांच्या हाती एकेक होकायंत्र द्यावे आणि काहीही न सांगता त्यांना गोदामापर्यंत चालवत न्यावे. मोकळ्या मैदानात उत्तर दाखवणारी सुई सळयांच्या थप्पीजवळ येताच भलतीकडे वळते. ज्या मालावर घर चालते, त्यानेच होकायंत्राला चकवलेले पाहून मूल जो प्रश्न विचारते, तो त्याचा स्वतःचा असतो.

मग ज्याला पृथ्वीचे चुंबकत्व अचूक मोजायचे आहे, त्याने बसावे तरी कोठे? या विषयाला वाहिलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलमध्ये, कळंबोली महामार्गालगतच आहे. मात्र तिची जुनी वेधशाळा अलिबागेस आहे. पेण-वडखळमार्गे तेथे जाणे ही खरी अचानक सहल ठरावी. संस्थेची पूर्वपरवानगी मात्र घेतलेली असावी.

या वेधशाळेचा इतिहास मोठा वाचनीय आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये मुंबईत कुलाबा वेधशाळा स्थापन केली. पुढे तेथे चुंबकीय नोंदी नियमित होऊ लागल्या. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले, त्याची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे अभ्यासक पडताळून पाहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. विजेचा प्रवाह जेथे वाहतो तेथे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. म्हणजे नाजूक उपकरणांना पृथ्वीऐवजी ट्रामच मोजावी लागली असती. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. लोखंड वर्ज्य मानून तपासलेला दगड आणला गेला, कारण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही चुंबकीय कण असतात. 1904 पासून सुमारे 2 वर्षे कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोहोंतील फरक काढला आणि मगच कुलाब्याचे मोजमाप बंद केले. जुन्या वहीतील शिल्लक नव्या वहीत ओढल्याशिवाय जुनी वही मिटायची नाही, हे व्यापाऱ्याच्या मुलाला निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता पालकांच्या शंकेकडे वळावे. गुपित मुलांपासून राखायचे असते, आईवडिलांपासून नव्हे. ठिकाण, वाहन, सोबतचे शिक्षक, परतीची वेळ हे सारे त्यांना आधी लेखी कळवलेच पाहिजे. जे शिबिर एवढेही कळवत नाही, तेथे मुलाला न पाठवणे बरे. चौविहार पाळणाऱ्या मुलाचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हावे यासाठी बस केव्हा निघावी, हेही आयोजकांनी आधीच ठरवावे. गाळलेले पाणी आणि कंदमूळरहित शिदोरी घरून देता येते.

आणि एक प्रसंग असा, की ज्याला बसही लागत नाही. मे महिन्याच्या मध्यास, 15-16 तारखेच्या सुमारास, सूर्य कळंबोलीच्या बरोबर डोक्यावर येतो. मुलांना दुपारी सव्वाबारा वाजता पटांगणात उभे करावे व आपापली सावली खडूने आखायला सांगावी. 12 वाजून 35 मिनिटांच्या आसपास सावली पायाखाली शिरते आणि आखायला काही उरत नाही. बारा वाजताच असे का घडले नाही, हे मुले विचारतीलच. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची आहे आणि कळंबोली तिच्या बरीच पश्चिमेस आहे. सावलीचे गणित घरातही सापडेल. उत्तराध्ययन सूत्राच्या 26 व्या अध्ययनात पोरिसीची वेळ सावलीवरून सांगितली आहे: आषाढात 2 पाद, चैत्र व आश्विनात 3, पौषात 4. पोरिसीचे पच्चक्खाण घेणाऱ्या आजीला त्या दुपारी पटांगणात अवश्य बोलवावे. जुलैच्या अखेरीस सूर्य पुन्हा एकदा डोक्यावर येतो. परंतु तेव्हा कोकणावर बहुधा ढग असतात आणि शाळाही सुरू झालेली असते.