विजयाचे माप

गुरुग्राममधील आमच्या शाखेत मधल्या सुट्टीत क्रिकेटचा हिशेब ताळेबंदाहूनही बारकाईने होतो. परवा वाद निघाला, तो मुंबईच्या वानखेडे मैदानावरील दोन एकदिवसीय विजयांपैकी अधिक निर्विवाद कोणता, यावर. पहिला, २ एप्रिल २०११ रोजीचा विश्वचषकाचा अंतिम सामना. श्रीलंकेच्या २७४ धावांना उत्तर देताना भारताने ४८.२ षटकांत ४ बाद २७७ धावा केल्या. दुसरा, ७ नोव्हेंबर २०२३ चा. अफगाणिस्तानच्या २९१ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ अशी झाली होती. मॅक्सवेलच्या नाबाद २०१ धावांच्या बळावर त्यांनी ४६.५ षटकांत ७ बाद २९३ अशी मजल मारली.

भारताने सहा गडी राखले, ऑस्ट्रेलियाने तीन. येथवर मतभेदास वाव नाही. आता निव्वळ धावगती, म्हणजे आपल्या धावगतीतून प्रतिपक्षाची धावगती वजा केलेली बाकी, काढून पाहू. (४८.२ म्हणजे ४८ षटके आणि २ चेंडू. हा दशांश नव्हे, हे वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनीही विसरू नये!) भारताची बाकी ०.२५ येते, तर ऑस्ट्रेलियाची ०.४४. निकाल उलटला! कारण उघड आहे. धावगतीच्या हिशेबात गमावलेल्या गड्यांची नोंदच नसते. सर्व गडी बाद झाले तरच पूर्ण ५० षटके धरली जातात.

या उणिवेची किंमत मोठी असते. २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंड व पाकिस्तान यांचे गुण समान, म्हणजे ११ होते. साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला हरविलेही होते. तरीही धावगतीवर न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेले. वेस्ट इंडीजविरुद्ध १०५ धावांत गुंडाळला गेलेला एक डाव पाकिस्तानला अखेरपर्यंत भोवला.

डकवर्थ-लुईस पद्धत याहून समंजस वाटते. १९९७ पासून पावसाने खंडित सामन्यांसाठी वापरात आलेली ही पद्धत शिल्लक चेंडू व शिल्लक गडी यांना मिळून एकच साधनसंपत्ती मानते. त्यामुळे पाठलाग पूर्ण केलेला संघ पुढे आणखी किती धावा करू शकला असता, हा अंदाज बांधता येतो आणि गड्यांचा विजयही धावांत मांडता येतो. परंतु हेही माप अखेरच्या क्षणाचेच. ताळेबंद ३१ मार्चचा असतो, वर्षभराची ओढाताण खातेउताऱ्यातच दिसते. ७ बाद ९१ ची नामुष्की पाहण्यासाठी हीच पद्धत प्रत्येक षटकाअखेरीस लावून पाहावी लागते.

आमच्या शाखेतील वाद मात्र भारताच्या बाजूने निकाली निघाला. त्यात गणिताचा वाटा किती, हे न विचारलेलेच बरे.