गोळी न झाडणारा तो सैनिक कोण होता? 'सोल्जर्स ऑफ सालामिस' सिनेमात खरं किती, काल्पनिक किती?

ऐतिहासिक सिनेमा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात तलवारी, किल्ले आणि पडद्याच्या मधोमध उभा असलेला नायक. स्पेनच्या यादवी युद्धावरचा 'सोल्जर्स ऑफ सालामिस' (२००३) मात्र ज्याचं नावही कुणाला माहीत नाही, अशा एका सैनिकाचा शोध घेतो. त्या सैनिकाने काय केलं? हातात बंदूक असूनही गोळी झाडली नाही.

नेमकं काय घडलं होतं?

१९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये निवडून आलेलं रिपब्लिकन सरकार आणि जनरल फ्रँकोचे बंडखोर यांच्यात युद्ध झालं. जानेवारी १९३९ मध्ये बार्सिलोना पडलं आणि हरलेलं रिपब्लिकन सैन्य फ्रान्सच्या सीमेकडे निघालं. ३० जानेवारीला कॅटलोनियातल्या कोल्येल या ठिकाणी सुमारे ५० कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

त्या कैद्यांत राफाएल सांचेझ माझास होते. लेखक, कवी आणि 'फालांखे' या फॅसिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. गोळीबाराच्या गोंधळात ते जंगलात पळाले. शोध घेणाऱ्या एका सैनिकाला ते दिसले. दोघांची नजरानजर झाली. इथे कुणी नाही, असं साथीदारांना ओरडून सांगत तो सैनिक निघून गेला. पुढे हीच गोष्ट सांचेझ माझास स्वतः सांगत राहिले.

युद्धानंतर ते फ्रँकोच्या सरकारात मंत्री झाले. तो सैनिक कोण होता, हे कधीच कळलं नाही.

कादंबरीत काय आहे?

हाविएर सेर्कास यांची ही कादंबरी २००१ मध्ये आली. निवेदकाचं नावही हाविएर सेर्कासच, त्यामुळे पत्रकारिता कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते, हे वाचकाला ठरवता येत नाही. सालामिस ही इसवी सनपूर्व ४८० मधली लढाई, ज्यात ग्रीकांनी पर्शियन आरमाराला हरवलं. स्पेनचं युद्धही नव्या पिढीला तितकंच जुनं वाटतं, हा या नावातला टोमणा.

सिनेमात काय बदललं?

दिग्दर्शक दाविद त्रुएबा यांनी निवेदक स्त्री केली. लेखन अडलेल्या लोला सेर्कासची ही भूमिका आरियादना हिलने केली आहे. तिला पुढचा धागा देणारा विद्यार्थी झालाय 'अँडोर' मालिकेमुळे आपल्या ओळखीचा डिएगो लुना. विशेष म्हणजे १९३९ च्या त्या घटनेशी थेट संबंध असलेली काही खरी माणसं सिनेमात स्वतःच्याच भूमिकेत आहेत. त्यामुळे काही प्रसंग थेट माहितीपटासारखे वाटतात. स्पेनने हा सिनेमा ऑस्करसाठी पाठवला होता, पण नामांकन मिळालं नाही.

मग मिरायेस कोण?

शोध घेत लोला फ्रान्समधल्या दीजाँ शहरातल्या वृद्धाश्रमात पोहोचते. तिथे तिला मिरायेस हा म्हातारा सैनिक भेटतो. स्पेनमध्ये हरल्यावरही तो फ्रान्सच्या बाजूने नाझींशी लढला. तो 'तोच' सैनिक आहे का? याचं उत्तर सिनेमातच पाहिलेलं बरं. मिरायेसला मात्र वेगळीच खंत आहे. तरुणपणीच मेलेल्या त्याच्या साथीदारांची आठवण आता त्याच्याशिवाय कुणालाच नाही.

आज हे का महत्त्वाचं?

१९७५ मध्ये फ्रँको गेला. १९७७ च्या माफी कायद्याने जुन्या गुन्ह्यांवर पडदा टाकला. कादंबरी आली तेव्हा मारल्या गेलेल्यांची नातवंडं सामूहिक कबरी उघडू लागली होती. २००७ आणि २०२२ मध्ये या स्मृतींसाठी कायदे झाले.

जो वाचला, त्याचं नाव पुस्तकांत आहे. ज्याने वाचवलं, त्याचं कुठेच नाही. शत्रूचा जीव वाचवणं बरोबर की चूक, यावर सिनेमा भाषण देत नाही. तो फक्त त्या सैनिकाचा चेहरा शोधत राहतो.