पावसाआधीची डागडुजी
ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या आसपासच्या जुन्या इमारतींची बाहेरची डागडुजी मे महिन्यातच उरकायला हवी. जूनमध्ये पाऊस लागला की ओल्या भिंतीवर काहीच धरत नाही. आधी पाइपांच्या सांध्यात उगवलेला पिंपळ बघा. नुसता छाटला तर तो पावसात पुन्हा फुटतो. मूळ काढून मगच भेग बुजवावी. छज्ज्याखाली तांबूस ओघळ दिसले तर त्यांवर रंग मारून मोकळे होऊ नका. आतली सळई गंजून फुगते आणि तीच काँक्रीटचे पोपडे बाहेर ढकलते. सैल काँक्रीट फोडून, सळई घासून, गंजरोधक लावून मगच पॉलिमर मॉर्टर भरावं. इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. रंगाऱ्याला आगाऊ रक्कम देण्याआधी ते करून घ्या.