चला, आपलंच गाव बघू या

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपण मुलांना दिवसातून एकदा तरी ऐकवतो. पण फिरायला जायचं म्हटलं की आपणही तेच करतो. वणीची सप्तशृंगी झाली, शेगाव झालं, अजिंठा-वेरूळ झालं. पैसे जमले तर तिरुपती, जमलेच तर काशी. मात्र ज्या गावात लग्न होऊन आलो, ज्या गावच्या पाण्यावर मुलं वाढवली, ते गाव मैत्रिणींनो, आपण कधी बघितलंय का? भाजीला जाताना, दवाखान्यात जाताना, मुलांना शाळेत सोडताना ते दिसतं हो. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं.

माझी भाची नोकरीनिमित्त परदेशात असते. गेल्या वर्षी ती इटलीतल्या फ्लॉरेन्स गावी गेली होती. परत आल्यावर सांगत होती, "मावशी, ना गाइड घेतला, ना बस. हातात नकाशा, पायात बूट, आणि दिवसभर चाललो." तिथलं जुनं गाव चालत बघण्याएवढंच आहे म्हणे. मोठ्या चर्चचा तो प्रसिद्ध घुमट ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने १४२० ते १४३६ या काळात उभा केला. तिथून थोडं चाललं की चौक येतो. चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा पुतळा दिसतो, पण तो नक्कल. अस्सल पुतळा पावसापाण्यापासून जपण्यासाठी १८७३ मध्येच आत संग्रहालयात नेला. पुढे नदीवर १३४५ चा जुना पूल. त्या पुलावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. १५९३ मध्ये तिथल्या राजाने त्यांना उठवून सोनारांना बसवलं. आजही त्या पुलावर सोनंच विकलं जातं. १९८२ पासून हे सगळं जुनं गाव जागतिक वारसा म्हणून जपलं जातंय.

हे ऐकताना मला सारखं वाटत होतं, की किल्ला आपल्याकडेही आहे. देऊळ आहे, रथ आहे, जुनी पेठ आहे. घुमट नसेल, पण गोष्ट आहे. आणि तीही साधीसुधी नाही, थेट झाशीपर्यंत पोचणारी. मग आपल्या पारोळ्याचा नकाशा का नसावा?

म्हणून एका रविवारी मुलाच्या वहीचं पान फाडलं आणि त्यावर बसस्थानक, किल्ला, बाजार, बालाजीचं देऊळ अशा खुणा केल्या. सकाळी सातला घराबाहेर पडले. सोबत आमच्या जाऊबाई आणि गल्लीतल्या मावशी. मावशींचं वय सत्तरीच्या पुढे. कोपऱ्यावर शेजारच्या काकूंनी हटकलंच, "कथा चालन्यात व माय, इतल्या सकाळी?" मावशी म्हणाल्या, "गाव देखाले." काकू हसून म्हणाल्या, "आपलंच गाव कोनी देखस का? येड्या व्हयन्यात का?"

खरं तर सगळ्या लेखाचा मुद्दा काकूंच्या या एका प्रश्नात आला. पण आधी चालू या.

पहिला मुक्काम : किल्ला

धुळ्याहून जळगावकडे जाताना साधारण पस्तीस किलोमीटरवर पारोळा लागतं. हा महामार्ग पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न नंबरचा झालाय. रस्त्याने रोज हजारो गाड्या जातात, आणि गावाच्या पोटात असलेला हा किल्ला बहुतेकांना ठाऊकही नसतो. कारण तो डोंगरावर नाही. हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला. बाजाराच्या गर्दीतून चालत गेलं की एकदम समोर बुरूज उभे राहतात.

ब्रिटिशांनी १८८० मध्ये खानदेशचं गॅझेटियर छापलं. त्यात पारोळ्याची माहिती आहे. हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने पन्नास घरांच्या खेड्याचं तटबंदी असलेलं गाव केलं आणि १७२७ मध्ये हा किल्ला बांधला, असं त्यात म्हटलंय. भोवती खंदक, दाराशी उचलता येणारा पूल, दोन्ही बाजूंना दणकट बुरूज. डोंगरी किल्ल्याला कडा राखतो. भुईकोटाला तो आधार नाही, म्हणून माणसाने खंदक खणायचा, भिंत जाड करायची आणि पूल संध्याकाळी उचलून घ्यायचा. आपण रात्री कडी-कोयंडा लावतो ना, तसंच. फक्त मोठ्या मापाचं.

आम्ही गेलो तेव्हा खंदकात झुडपं माजली होती आणि बाजारातला कचराही होता. बघून वाईट वाटतं. पण तोंड फिरवू नका. खंदकाची रुंदी डोळ्यांनी मोजा, बुरूजाकडे मान वर करून बघा, तटातली ती लहान भोकं शोधा. त्यांना जंग्या म्हणतात. त्यातून बंदुका रोखायच्या. आतल्या माणसाला बाहेरचा दिसतो, बाहेरच्याला आतला दिसत नाही. मावशी म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंची खिडकी अशीच होती!"

किल्ल्यात महादेवाचं जुनं मंदिर आहे. तिथे थोडं टेका. गावात सांगतात, की इथून थेट नागेश्वराच्या देवळापर्यंत भुयार आहे. आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही किल्ल्याला भुयार नसेल तर तो किल्ला कसला! ते शोधायला जाऊ नका. पण मुलांना गोष्ट जरूर सांगा.

राणीचं आणि आपलं नातं

आता मुख्य गोष्ट. 'झाशीच्या राणीचं गाव' असं पारोळ्याबद्दल आपण अभिमानाने सांगतो. कुणी माहेर म्हणतं, कुणी सासर. तर नीट समजून घेऊ. राणी लक्ष्मीबाईंचा जन्म वाराणसीचा, बालपण बिठूरचं, संसार झाशीचा आणि जून १८५८ मध्ये शेवट ग्वाल्हेरला. आपलं नातं त्यांच्या सासरच्या नेवाळकर घराण्याचं. हे घराणं मूळ कोकणातलं. यांच्यातलेच रघुनाथ हरी नेवाळकर पेशव्यांच्या वतीने झाशीचे सुभेदार झाले, आणि याच घराण्याकडे पारोळ्याची जहागीर होती. एक पाय खानदेशात, एक बुंदेलखंडात, असा तो संसार.

पुढे काय झालं, ते आपण पाठ्यपुस्तकात अर्धंच वाचलं. गंगाधररावांचा मुलगा तान्हेपणीच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये मरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी घराण्यातलाच एक लहान मुलगा, आनंदराव, दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. इंग्रजांनी दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या गादीवर आणखी एक हक्क सांगणारा होता, आणि तो आपल्या पारोळ्याचा. सदाशिवराव नारायण नेवाळकर. १८५७ च्या जूनमध्ये झाशीत उठाव झाला, गोंधळ माजला. त्या संधीत सदाशिवरावाने जवळचा करेऱ्याचा किल्ला घेतला आणि 'मीच झाशीचा महाराज' असं जाहीर केलं. राणीने फौज पाठवली, त्याला पळवून लावलं आणि शेवटी पकडून झाशीच्या किल्ल्यात कैदेत टाकलं.

म्हणजे बघा, इंग्रजांशी लढण्याआधी या बाईला घरच्यांशी लढावं लागलं. नवरा गेलेला, मूल दत्तक, आणि भाऊबंद हक्क सांगत दारात. मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्यापैकी किती घरांत, कोर्टकचेरीत, सातबाऱ्यावर अजून चालू आहे! राणीचं घोड्यावरचं चित्र आपण भिंतीवर लावतो. मला मात्र त्या किल्ल्यात उभं असताना ही दुसरी राणी जास्त जवळची वाटली.

पारोळ्याच्या जहागीरदारांनी १८५७ मध्ये इंग्रजांची साथ दिली नाही, म्हणून त्यांची जहागीर जप्त झाली, गाव सरकारकडे गेलं आणि किल्ला मोडला गेला, असं गॅझेटियर सांगतं. आज आपण जी पडझड बघतो ती नुसती काळाची नाही, मुद्दाम केलेलीही आहे. आणि तो दत्तक मुलगा? आईच्या मृत्यूनंतर तो रानोमाळ भटकला, पुढे इंदूरला राहिला आणि १९०६ मध्ये तिथेच वारला.

'कोणाला शोधताय?'

किल्ल्याच्या दारापाशी आम्ही वहीचं पान बघत उभ्या होतो. तिथे बसलेल्या एका माणसाने विचारलं, "वहिनी, कोणाला शोधताय?" त्याचा हेतू चांगलाच होता. पण प्रश्न मनात राहिला. पुरुष कुठेही उभा राहिला तर त्याला कुणी हे विचारत नाही. तो नुसता उभा असतो. बाई उभी दिसली की तिचं काहीतरी काम असणार, किंवा ती कुणाला तरी शोधत असणार. पिशवी हातात असेल तर प्रश्न येत नाहीत, म्हणून आपण पिशवी घेऊनच बाहेर पडतो. जाऊबाई म्हणाल्या, "कोणाला नाही भाऊ, किल्ला बघतोय." तो उठला आणि आत कुठून जायचं ते त्याने दाखवलं.

मावशी सोळाव्या वर्षी लग्न होऊन पारोळ्यात आल्या. पन्नासहून जास्त वर्षं झाली. किल्ल्याबाहेरून हजारदा गेल्या असतील, आत कधी नाही. सासू असताना परवानगी नव्हती, नंतर वेळ नव्हता, मग गुडघे. त्या दिवशी महादेवाच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "इतला वरीस व्हयनात, आज मझार ऊनू." आम्ही दोघी काही बोललो नाही.

पेठ आणि बालाजी

किल्ल्यातून निघून बाजारात या. फ्लॉरेन्सच्या पुलावर सोनं विकतात, आपल्याकडे काय विकत होते? जुन्या नोंदीत पारोळ्याच्या व्यापारात गुरं, कापूस आणि धान्याबरोबर लुगड्यांचा खास उल्लेख आहे. आपल्या आज्या-पणज्या नेसायच्या ती लुगडी! एखाद्या जुन्या दुकानदार काकांना विचारून बघा, कुठली लुगडी येत, कुठे जात. दुकानात नेहमी भाव विचारतो. एकदा इतिहास विचारा. चहा पाजून सांगतात.

चालता चालता घरांकडे वर बघा. लाकडी खांब, कोरलेली दारं, माळवद अजून कुठे कुठे शिल्लक आहे. जुन्या गावाला तटबंदी होती म्हणजे वेशीही असणार. वेस कुठे होती, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. दोघांची उत्तरं जुळली तर नकाशावर खूण करा.

मग बालाजी. नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत बालाजीचा रथ निघतो, तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं आणि सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. पण गर्दीत रथ दिसतो, देऊळ दिसत नाही. म्हणून एरवीच्या दिवशी सकाळी जा. सावकाश प्रदक्षिणा घाला. रथ कसा थांबवतात, हे मुलांना समजावून सांगा. खानदेशातल्या या लाकडी रथांना ब्रेक कुठला? चाकाखाली लाकडाची मोगरी सारून त्याचा वेग आणि वळण सांभाळतात. जीव मुठीत धरून करायचं काम ते! वेळ असेल तर तसंच पुढे झपाट भवानीचं दर्शन घ्या.

निघताना एवढं लक्षात ठेवा

सगळं मिळून दोन-अडीच तास लागतात. खानदेशचा उन्हाळा आपल्याला सांगायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पायात घट्ट चप्पल किंवा बूट, बाटलीत पाणी, डोक्याला रुमाल. पडक्या भिंतीवर चढू नका, मुलांना चढू देऊ नका. एकटीने आडबाजूला जाण्यापेक्षा तिघी-चौघींनी मिळून जावं. आणि घरून निघतानाच 'ते' उरकून निघा, कारण आपल्या गावांत बायकांसाठी स्वच्छतागृह शोधणं हे भुयार शोधण्याइतकंच अवघड आहे. हसू नका, बायका घराबाहेर न पडण्याचं हे मोठं कारण आहे. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला येतील तेव्हा रस्त्याबरोबर हेही मागा.

एक दिवस जास्तीचा असेल तर तालुक्यातच बहादरपूरला जा. तिथल्या नीलिमा मिश्रा यांनी गावातल्या बायकांना एकत्र करून गोधड्या शिवण्याचं काम उभं केलं. २०११ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गोधडी तर आपण प्रत्येकीने शिवलीय. तिची किंमत होऊ शकते, हे त्या गावाने दाखवलं.

आणि पारोळ्याच्याच कशाला, एरंडोल, अमळनेर, चोपडा, शिरपूर, तुमचं गाव कुठलंही असो. एक कागद घ्या. सगळ्यात जुनं देऊळ, जुनी विहीर, जुनी शाळा, पहिला दवाखाना अशा सहा-सात खुणा करा. ज्या बाईला गाव ठाऊक असतं, तिला तिथे उभं राहायला कारण लागत नाही. आणि किल्ल्यात बायका-मुलं रोज येऊ लागली, तर खंदकात कचरा टाकणाऱ्याचा हातही जरा अडखळेल, असं मला वाटतं.

काकू आता आमच्यात आल्या आहेत. पुढच्या रविवारी आम्ही पाचजणी जुन्या वेशी शोधायला निघणार आहोत. सकाळी सात वाजता. स्वयंपाक परत आल्यावर, आणि उशीर झालाच तर त्या दिवशी घरच्यांनी खिचडी टाकावी, असं ठरलंय.