वेग विकत घेण्यापूर्वी

लखनौच्या लालबाग परिसरातील नाझा मार्केट हे संगणकप्रेमींचे हक्काचे ठिकाण आहे. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जसा परिचित, तसेच लखनौकरांना हे मार्केट. गेमिंगचा संगणक अद्ययावत करू इच्छिणारा तरुण अशा बाजारात बहुधा एकच प्रश्न विचारतो : सर्वांत वेगवान ग्राफिक्स कार्ड कोणते? वास्तविक, आपल्या संगणकाला यातील किती वेग पेलवेल, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. हजारो रुपयांच्या खरेदीचे सार्थक त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते.

नाव एक, गुण निराळे

केवळ नावावरून कार्डाची पारख होत नाही. २०१६ साली आलेल्या जीटीएक्स १०६० या कार्डाच्या ६ जीबी आवृत्तीत १२८० कोअर होते, तर ३ जीबी आवृत्तीत ११५२. म्हणजे फरक केवळ स्मृतीचा नव्हता. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी आवृत्तीत स्मृतीचा मार्ग १९२ बिटचा आहे. पुढे आलेल्या ८ जीबी आवृत्तीत तो १२८ बिटचा झाला. म्हणून खोक्यावरील नाव पूर्ण वाचावे.

आकडे कसे वाचावेत?

कार्डाचा वेग दर सेकंदास उमटणाऱ्या चित्रचौकटींत, म्हणजे फ्रेममध्ये मोजतात. मात्र सरासरी ६० असूनही ऐन रंगात आलेला खेळ मधूनच अडखळू शकतो. यासाठी सरासरीसोबत 'एक टक्का नीचांक' अवश्य पाहावा. चाचणीचे गुणही डोळे झाकून स्वीकारू नयेत. थ्रीडीमार्क०३ या चाचणीत ड्रायव्हरच्या करामतीने गुण फुगवले जात असल्याचा वाद २००३ मध्ये गाजला होता. आपण खेळतो तेच खेळ, आपल्याच पडद्याच्या रिझोल्यूशनवर तपासलेले असतील, तर ती तुलना उपयोगाची.

घरचा संगणक आधी तपासावा

घरच्या घरी एक सोपी परीक्षा करता येते. खेळाचे रिझोल्यूशन कमी करावे. फ्रेम लक्षणीय वाढल्या, तर अडथळा बहुधा कार्डाचा असतो. न वाढल्यास प्रोसेसरचा संशय घ्यावा. अशा वेळी नवे कार्ड घेऊनही निराशाच पदरी येते. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदास ६० हून अधिक चित्रे दाखवू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या मदरबोर्डाचीही दखल घ्यावी. २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार पीसीआय एक्सप्रेस मार्गिका वापरते. त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्याचा वेग घटतो.

विजेचा विचारही तितकाच आवश्यक. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात, तर २०२३ च्या आरटीएक्स ४०६० ला ११५. एसएमपीएस आणि यूपीएस यांची क्षमता त्यानुसार पडताळावी. लखनौचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. कार्ड अतितप्त झाले की आपला वेग आपणच कमी करते. म्हणून कॅबिनेटमध्ये हवा खेळती हवी.

व्यवहाराची बाजू

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि त्यासाठी राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. स्वस्ताईला भुलण्यापूर्वी पक्के बिल, शिल्लक वॉरंटी आणि प्रत्यक्ष चाचणी यांचा आग्रह धरावा. हप्त्याने घेताना प्रक्रिया शुल्क व व्याज धरून एकूण किंमत काढावी. त्या रकमेला अपेक्षित फ्रेमनी भागले की दोन कार्डांतील खरी तुलना कागदावर स्पष्ट उमटते.